अडीच टनांचा डौल: आलिशान एसयूव्हींचे रूप, वेग आणि ट्यूनिंग

वेताळटेकडी (धागाकर्ता)

गेल्या रविवारी सकाळी बावधनच्या एका पेट्रोल पंपावर चाकांत हवा भरायला थांबलो होतो. माझ्यापुढे मर्सिडीजची जी ६३ उभी होती आणि तिच्या शेजारी नवी रेंज रोव्हर. दोन्ही गाड्या अडीच टनांच्या घरातल्या आणि कोट्यवधींच्या, पण रूपाच्या बाबतीत त्यांची तोंडे अगदी विरुद्ध दिशांना. जी-क्लासच्या दारांच्या बिजागऱ्या बाहेर दिसतात, इंडिकेटर मडगार्डवर उंचवट्यासारखे बसवलेले असतात, पुढची काच जवळजवळ उभी असते आणि स्टेपनी मागच्या दाराला टांगलेली असते. मालकाने दार लावले तेव्हा लोखंडी कडी अडकवावी तसा खणखणीत खटका ऐकू आला. रेंज रोव्हरच्या मुठी मात्र पत्र्यात बुडालेल्या होत्या, छत आणि बाजूचा पत्रा यांच्यामधली फट शोधूनही सापडत नव्हती आणि मागचे दिवे तर पेटेपर्यंत दिसलेच नाहीत.

जी-क्लासचे उत्पादन १९७९ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथे सुरू झाले आणि तेव्हाचा सरळसोट बांधा तिने अजून सोडलेला नाही. २०१८ साली गाडी जवळजवळ मुळापासून नवी केली, दारे, बॉनेट आणि मडगार्ड अ‍ॅल्युमिनियमचे झाले, तरी दाराची मूठ जुनीच ठेवली आणि तो खटकाही मुद्दाम जपला. या हट्टाची किंमत वारा वसूल करतो. जुन्या जी-क्लासचा हवेच्या रोधाचा गुणांक ०.५४ होता, तर २०२१ साली आलेल्या रेंज रोव्हरचा ०.३० आहे. हवेचा रोध कापण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दीडपट केला की ही शक्ती सुमारे ३.४ पट लागते. त्यामुळे ताशी ६० किलोमीटरपर्यंत फारसा न जाणवणारा बांध्यातला हा फरक द्रुतगती मार्गावर इंजिनाला सतत भरून काढावा लागतो.

माझे म्हणणे असे आहे की या गाड्यांच्या रूपाचा आणि वेगाचा विचार वजनापासून सुरू करायला हवा, आणि आपल्याकडच्या ट्यूनिंगच्या, म्हणजे गाडीची शक्ती आणि रूप बदलून घेण्याच्या, चर्चांत नेमके तेच राहून जाते. जी ६३ च्या ४ लिटर ट्विन-टर्बो व्ही-८ इंजिनाची शक्ती ५८५ अश्वशक्ती आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) ८५० न्यूटन-मीटर असून २०१८ ची गाडी ४.५ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते. जर्मनीतल्या बोट्रॉप येथील ब्राबस या ट्यूनिंग कंपनीने हीच गाडी ८०० अश्वशक्ती आणि १००० न्यूटन-मीटरपर्यंत नेली, तेव्हा ही वेळ ४.१ सेकंदांवर आली. शक्ती ३७ टक्क्यांनी वाढली आणि पदरात पडले ०.४ सेकंद. कमाल वेगही ताशी २४० किलोमीटरला रोखून धरावा लागला. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे आणि हे काम किती अवघड आहे तेच या आकड्यांतून दिसते.

हा विषय माझ्या मनात घर करून बसण्याचे कारण गेल्या पावसाळ्यानंतरचे आहे. मित्राच्या मोठ्या डिझेल एसयूव्हीतून आम्ही पाच जण सामानासह ताम्हिणी घाट उतरत होतो. गाडी नुकतीच रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून शक्ती वाढवून, आणली होती आणि पिकअप खरोखरच थक्क करणारा होता. मुळशीच्या बाजूने येताना तो प्रत्येक सरळ टप्प्यावर पाय दाबत होता आणि प्रत्येक वळणाआधी ब्रेक लावत होता. माणगावच्या बाजूला उतार तीव्र झाला आणि आत करपल्यासारखा वास येऊ लागला. मग मित्र एकदम गप्प झाला. ब्रेकचे पेडल मऊ पडले होते आणि नेहमीपेक्षा बरेच खाली जात होते. गिअर उतरवत, इंजिनाच्या जोरावर वेग तोडत त्याने गाडी एका रुंद जागी कडेला घेतली. खाली उतरून पाहिले तर पुढच्या डिस्कवर निळसर झाक आली होती आणि चाकापासून वीतभर अंतरावरही हात धरवत नव्हता. पाऊण तास आम्ही तिथेच थांबलो. ज्या गॅरेजने इंजिनाची शक्ती वाढवून दिली, तिथे ब्रेकबद्दल कोणी एक शब्दही विचारला नव्हता.

मंडळींनी आपापले अनुभव लिहावेत. रूपाबद्दलही लिहावे, कारण या गाड्यांत ते वेगापासून वेगळे काढता येत नाही.

मुठाकाठ

धाग्याबद्दल आभार. मी औद्योगिक रचनेचे शिक्षण घेतले आहे, म्हणून रूपाबद्दल लिहिते. जी-क्लासचे रूप प्रामाणिक आणि रेंज रोव्हरचे केवळ गुळगुळीत, असा सूर तुमच्या लेखनात अभिप्रेत नसावा, पण वाचणाऱ्याला तो जाणवू शकतो, आणि तसा समज होणे रेंज रोव्हरवर अन्याय करणारे ठरेल.

१९७० सालची पहिली रेंज रोव्हर ही दोन दारांची, आतून पाण्याने धुता येईल अशी कामाची गाडी होती. शेतावरच्या गाड्यांना तेव्हा पाट्यांचे सस्पेन्शन असायचे. हिला कॉइल स्प्रिंग होत्या, चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, चारही चाकांना कायम शक्ती मिळत होती आणि बॉनेटखाली साडेतीन लिटरचे अ‍ॅल्युमिनियमचे व्ही-८ होते. चार दारे १९८१ साली आली. अशी कामाची गाडी असूनही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ती रचनेचा नमुना म्हणून मांडली गेली होती. तिच्या बाजूने पाहिले तर तीन रेषा दिसतात: छताची मागे किंचित उतरणारी, काचांखालची सलग जाणारी आणि तळाची मागे चढणारी. आजच्या गाडीतही त्याच तीन रेषा आहेत. मधली सजावट काढत काढत त्या अधिकाधिक मोकळ्या केल्या, एवढेच. पन्नास वर्षे हात आवरता घेणे कोणत्याही रचनाकाराला सोपे नसते.

याच कारणाने ट्यूनिंगचे रुंद बॉडीकिट जी-क्लासला शोभते आणि रेंज रोव्हरला शोभत नाही, असे माझे मत आहे. जी-क्लास मुळात सपाट पत्रे आणि त्यांवर बसवलेल्या वेगवेगळ्या वस्तूंची बनलेली आहे. तिच्या चाकांच्या कमानी पहिल्यापासूनच वेगळ्या जोडल्यासारख्या दिसतात, त्यामुळे त्या आणखी पाच सेंटिमीटर बाहेर आल्या तरी डोळ्यांना खटकत नाही. रेंज रोव्हरचा पत्रा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड वाहतो आणि त्याला मध्येच काळ्या प्लॅस्टिकची कड चिकटवली की वाक्याच्या मधोमध पूर्णविराम दिल्यासारखे होते. कोरेगाव पार्कात मी अशी एक गाडी जवळून पाहिली. दोन्ही बाजूंना चिकटणाऱ्या पट्टीने लावलेली ती कड एका टोकाला सुटली होती आणि पत्र्याच्या व कडेच्या मधल्या फटीत पावसाळ्याचा लाल चिखल वाळून बसला होता. कडेने घासून रंगावर रेघ पडली होती ती वेगळीच.

पोर्शेच्या कायेनबद्दलही लिहायला हवे. २००२ साली ती आली तेव्हा तिच्या तोंडवळ्यावर टीकेची झोड उठली. क्रीडामोटारीचे दिवे आणि बॉनेट एका उंच धडावर बसवल्यासारखे ते रूप होते आणि ती टीका मला रास्त वाटते. पण तिने पोर्शेची घडी आर्थिकदृष्ट्या बसवली आणि वेगवान गाड्यांच्या घराण्यांना एसयूव्हीचा रस्ता मोकळा करून दिला. आज कायेन, बेंटली बेंटायगा, आउडी क्यू ८ आणि लॅम्बोर्गिनी उरुस एकाच मूळ सांगाड्यावर उभ्या आहेत, तरी समोरून येताना कोणी एकीला दुसरी समजणार नाही. उरुसच्या रचनाकारांनी तर १९८६ च्या एलएम ००२ ची, म्हणजे काउंटाक या क्रीडामोटारीचे व्ही-१२ इंजिन पोटात घेतलेल्या त्या धिप्पाड गाडीची, आठवण टोकदार चाककमानींत जपली आहे. एकच हाडांचा सापळा घेऊन इतके वेगळे चेहरे घडवणे ही मला या क्षेत्रातली सर्वांत मोठी कारागिरी वाटते.

खडकवासला

उत्तम धागा. माझा प्रश्न थेट आहे. मी या वर्षी २०१७ ची वापरलेली रेंज रोव्हर स्पोर्ट घेतली, ३ लिटर डिझेल. तिला २० इंची चाके आहेत. मला २२ इंची काळी चाके लावायची आहेत आणि त्यानंतर रिमॅप करून घ्यायचे आहे. रोजचा प्रवास सिंहगड रस्त्याने, महिन्यातून एकदा कोकण. काय करावे?

चाकणरस्ता

खडकवासला, मी वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगात सस्पेन्शनवर काम करतो, त्यामुळे आधी चाकांविषयी सांगतो.

तुमच्या गाडीच्या २० इंची चाकांना २५५/५५ मापाचे टायर येतात. टायरच्या भिंतीची उंची म्हणजे २५५ चे ५५ टक्के, साधारण १४० मिलिमीटर. २२ इंची चाकांना २७५/४० मापाचे टायर येतात आणि तिथे ही उंची बरोबर ११० मिलिमीटर होते. रस्ता आणि रिम यांच्यामधली दोन बोटांच्या रुंदीएवढी उशी तुम्ही काढून टाकता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. असा गतिरोधक सिंहगड रस्त्यावर तुम्हाला किती ठिकाणी भेटतो ते तुम्हीच सांगा. अरुंद, उभट गतिरोधक आणि रस्त्याच्या कामानंतर राहिलेल्या धारदार कडा यांवर ११० मिलिमीटरची भिंत पूर्ण दाबली जाते आणि धक्का थेट रिमला बसतो. रिम तरी वाकते किंवा तडकते, नाहीतर टायरच्या भिंतीला फुगा येतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. चाक, टायर, डिस्क आणि हब हे सगळे वजन स्प्रिंगच्या खाली असते. गाडीच्या अंगावरचे वजन स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर सांभाळतात, पण स्प्रिंगखालचे वजन खड्ड्यात जाऊन बाहेर येताना टायरला रस्त्यावर टिकून राहू देत नाही. शिवाय ते फिरते वजन असते आणि ते जितके परिघाकडे सरकेल, तितके त्याला वेग देणे आणि थांबवणे जड जाते. म्हणजे मोठे आणि जड चाक लावून तुम्ही पिकअपही घालवता आणि ब्रेकवरचा भारही वाढवता. रिमॅपमधून जे मिळवणार, त्यातले काही चाकांत आधीच खर्च करणार. मोठी चाके चुकीचीच असतात असे मी म्हणत नाही. मोठ्या ब्रेकना जागा मोठ्या चाकातच मिळते. उरुसला पुढे ४४० मिलिमीटर व्यासाच्या कार्बन-सिरॅमिक डिस्क आहेत आणि अशी डिस्क २० इंची रिममध्ये मावणार नाही. तिथे चाक मोठे का आहे याला उत्तर आहे. तुमच्या बाबतीत मूळ ब्रेक तेच राहणार असतील, तर २२ इंची चाकाच्या आरांमधून ती डिस्क फक्त लहान दिसेल.

आता रिमॅप. टर्बो इंजिनाच्या संगणकात टर्बोचा दाब, इंधनाचे प्रमाण, प्रज्वलनाची वेळ आणि टॉर्कची मर्यादा यांचे तक्ते असतात. रिमॅप करणारा हे तक्ते बदलतो. कंपनीने हे आकडे खालच्या पातळीवर ठेवण्यामागे कारणे असतात: निरनिराळ्या देशांतले इंधन, उन्हाळा, धूळ, उत्सर्जनाचे नियम आणि गिअरबॉक्सचे आयुष्य. मी स्वतः हे २०१६ साली शिकलो. माझी पोलो जीटी टीएसआय, आपल्या चाकणलाच तयार झालेली, १.२ लिटर, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन-मीटर. तिच्या सात गिअरच्या कोरड्या ड्युअल-क्लच गिअरबॉक्सची क्षमता २५० न्यूटन-मीटरची, त्यामुळे थोडी जागा शिल्लक आहे असे मानून मी रिमॅप करून घेतले. ज्याने काम केले त्याने परदेशातल्या जास्त ऑक्टेनच्या, म्हणजे दाबाने आपोआप सहज न पेटणाऱ्या, पेट्रोलसाठी लिहिलेली फाइल तशीच चढवली होती. मे महिन्याच्या दुपारी जुन्या कात्रज घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढताना बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. इंजिन नॉक करत होते, म्हणजे ठिणगीने पेटवलेली ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरमधले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटत होते. संगणक नॉक ओळखून ठिणगीची वेळ मागे घेतो, पण प्रत्येक वेळी तो वाचवेलच अशी खात्री नसते. पुढे दुसऱ्या एका माणसाने आपल्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलवर, गाडी प्रत्यक्ष चालवून, नोंदी घेत तीन दिवसांत नवी फाइल बसवली. १० अश्वशक्ती कमी मिळाली आणि गाडी त्यानंतर ७०,००० किलोमीटर निर्धास्त चालली. १०० ऑक्टेनचे पेट्रोल पुण्यात डिसेंबर २०२० पासून मिळू लागले, पण कोकणातल्या रस्त्यावर ते हाताशी असेल असे धरून गाडी ट्यून करू नये.

तुमच्या डिझेलमध्ये नॉकचा हा प्रश्न या स्वरूपात येत नाही. तिथे पाहायचे ते एक्झॉस्टचे तापमान, धूर आणि गिअरबॉक्सवर येणारा टॉर्क. रिमॅप केलेल्या गाडीतून काळा धूर येत असेल, तर ते काम चुकलेले आहे असे समजावे. धूर दिसू नये किंवा अडथळा नको म्हणून डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) काढून टाका असे जो सुचवेल, त्याच्याकडे गाडी सोडू नका.

कर्वेरस्ता

कायद्याचा मुद्दा थोडक्यात मांडतो, कारण तो वगळून निर्णय घेता येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. गाडीचा रंग नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेला असतो, म्हणून पूर्ण गाडीला वेगळ्या रंगाचे आवरण चढवण्याआधी आरटीओत जाऊन यावे. गाडीच्या तोंडावर बसवायच्या लोखंडी बुलबारवर डिसेंबर २०१७ पासून बंदी आहे आणि ती योग्य आहे, कारण पादचाऱ्याला धडकेत वाचवण्यासाठी पुढचा भाग जिथे चेपायला हवा, तिथेच तो टणक होतो. रिमॅपची माहिती विमा कंपनीला लेखी द्यावी. अपघातानंतर तिला ती स्वतः शोधावी लागली, तर दाव्याचे काय होईल ते सांगायला नको.

वेताळटेकडी (धागाकर्ता)

मुठाकाठ, तुमचे म्हणणे पटले. दोन्ही गाड्यांत एक खरी आणि एक नटलेली असे मला सुचवायचे नव्हते, पण माझ्या शब्दांची मांडणी तशी झाली खरी. काळ्या कडेच्या फटीतला चिखल मी आता प्रत्येक गाडीत शोधणार आहे.

चाकणरस्ता यांनी ब्रेकचा विषय चाकांपर्यंत आणून सोडला आहे, तो मी पुढे नेतो. ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या २,५०० किलोच्या गाडीची गतिज ऊर्जा सुमारे ९६५ किलोज्यूल असते. अकराशे किलोच्या पोलोची त्याच वेगाला ४२५ किलोज्यूलच्या आसपास. ही सगळी ऊर्जा ब्रेकला उष्णतेत बदलावी लागते. घाटात तर वेग न वाढवता नुसते उतरतानाही हिशेब चालूच राहतो. अडीच टनांची गाडी १०० मीटर खाली आली की सुमारे २,४५० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते, म्हणजे ताशी १०० वरून अडीच वेळा पूर्ण थांबण्याइतकी. इंजिनाला ती सोसू दिली नाही, तर सगळी डिस्कच्या माथी येते. ताम्हिणीत आमच्या बाबतीत नेमके हेच घडले. नंतर कळले की त्या गाडीचे ब्रेक फ्लुइड चार वर्षे बदललेले नव्हते. डॉट ४ प्रतीचे फ्लुइड कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली आर्द्रता शोषते आणि ओल धरलेल्या फ्लुइडसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ होऊन खाली जाते.

ज्यांनी हे शास्त्र रुजवले, त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९६७ साली स्थापन झालेल्या एएमजी या ट्यूनिंग कंपनीने १९७१ मध्ये बेल्जियमच्या स्पा येथील २४ तासांच्या शर्यतीत मर्सिडीजची ३०० एसईएल ही भलीमोठी सेडान उतरवली आणि एकूण क्रमवारीत दुसरा क्रमांक मिळवला. इंजिन ६.८ लिटरचे केले होतेच, पण २४ तास धावायचे तर गाडीला २४ तास वळावे आणि थांबावेही लागते. उरुसबाबतही लॅम्बोर्गिनी ताशी ३०५ किलोमीटरच्या कमाल वेगासोबत ताशी १०० वरून ३३.७ मीटरमध्ये थांबण्याचा आकडा देते. आपल्याकडच्या गॅरेजांच्या जाहिरातींत हा दुसरा आकडा मला आजवर एकदाही दिसलेला नाही.

खडकवासला, मी तुमच्या जागी असतो तर आधी ब्रेक फ्लुइड बदलले असते, डिस्कची जाडी मोजून घेतली असती, उच्च तापमान सोसणारे पॅड बसवले असते आणि टायरच्या भिंतीवरचे उत्पादनाचे वर्ष पाहिले असते. सेकंडहँड गाडीत या चार गोष्टींतली एक तरी हमखास राहून गेलेली असते. एअर सस्पेन्शनच्या रबरी पिशव्यांना चिरा गेल्या आहेत का तेही गाडी वर उचलून पाहून घ्यावे. रिमॅपचा विचार त्यानंतर, आणि कर्वेरस्ता यांचा प्रतिसाद पुन्हा वाचून.

खडकवासला

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी काम करून घेतले.

टायरवरचे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे वाचले. दोन टायर २०१८ चे निघाले, म्हणजे मी ज्यांवर पावसात कोकणात जाऊन आलो ते माझ्या नकळत इतके जुने होते. चारही नवे घेतले, त्याच २५५/५५ मापाचे. ब्रेक फ्लुइड काढले तेव्हा ते चहासारखे तपकिरी होते. नवे फ्लुइड त्याच्या शेजारी काचेच्या बाटलीत धरले तर फिकट मधासारखे दिसत होते. पुढचे पॅड बदलले, डिस्क मर्यादेत असल्याने ठेवल्या. एअर सस्पेन्शनची डावीकडची मागची पिशवी घडीवर चिरू लागली होती, तीही बदलली.

२२ इंची चाकांचा विचार सोडला. मूळ २० इंची रिम मात्र भोसरीला पावडर कोटिंग करून गडद राखाडी करून घेतल्या. मुठाकाठ, तुम्ही सांगितलेल्या तीन रेषा आता अंगणात उभ्या गाडीकडे पाहताना रोज दिसतात आणि गडद चाकांमुळे तळाची रेषा अधिक उठून दिसते, असे मला वाटते. रिमॅप अजून केलेले नाही आणि सध्या करावेसेही वाटत नाही.

काल पहाटे कुटुंबासह ताम्हिणी उतरलो, पूर्ण भरलेली गाडी, उतारावर गिअर हाताने खाली ठेवून. खाली पोचल्यावर चाकाजवळ हात नेऊन पाहिला. डिस्क गरम होती, पण वास नव्हता, आणि पेडल पौडला होते त्याच उंचीवर होते.